दुसऱ्या दिवशी सकाळचा चेहरा

ज्याचा चेहरा मी रंगवते त्याच्याकडून मी दोन फोटो मागते. एक काम संपल्यावरचा. तो तर सगळेच मागतात. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळचा. तोंड धुतलेलं, वर काही लावलेलं नाही, खिडकीसमोर उभं राहून काढलेला. पहिल्या फोटोला वाहवा मिळते, पण माझं काम नीट झालं की नाही ते मला दुसऱ्यात कळतं. गाल लाल नाहीत, पापण्या सुजलेल्या नाहीत, हनुवटीवर बारीक पुरळ नाही, म्हणजे जमलं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. सुरुवातीची काही वर्षं माझं सगळं लक्ष रंगावर असायचं. एकदा एक नवीन डिझाइन आधी स्वतःवर करून बघावं म्हणून आरशासमोर बसले. चेहरा गुळगुळीत हवा म्हणून आधीचा आठवडाभर एका रात्री ग्लायकोलिक अ‍ॅसिड, दुसऱ्या रात्री रेटिनॉल असं आलटून पालटून लावलं होतं; पहिलं मेलेल्या पेशी सोलणारं, दुसरं अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. वरवर कातडी तुकतुकीत दिसत होती. पांढरा रंग लावला मात्र, नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत तो बारीक बारीक खपल्यांमध्ये जाऊन बसला. वर सेटिंग स्प्रे, म्हणजे रंग पक्का करणारा फवारा, मारला तेव्हा असं चरचरलं की डोळ्यांत पाणी आलं. पुढचे तीन आठवडे नुसतं साधं मॉइश्चरायझर लावून काढले, रंगांची पेटी उघडली नाही.

रोजचं

रोज करायच्या गोष्टी तीनच: धुणं, ओलावा टिकवणं, उन्हापासून जपणं. बाकीचं सगळं हौस किंवा गरज असेल तर.

कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. अंगाच्या साबणवडीचा पीएच ९ ते १० असतो. साबणाने तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो आणि लोक त्याला ‘छान स्वच्छ वाटतंय’ म्हणतात. ती कातडीची तक्रार असते. फेस कमी येणारं, वास नसलेलं सौम्य क्लेन्झर पुरतं. कोरड्या कातडीच्या माणसाने सकाळी नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुतलं तरी चालतं. रात्री मात्र क्लेन्झर हवंच.

मॉइश्चरायझर तोंड पूर्ण कोरडं होण्याआधी लावायचं, टॉवेलने टिपल्या टिपल्या. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतात, पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ ते उडू देत नाहीत. ‘माझी स्किन ऑइली आहे, मला मॉइश्चरायझर नको’ असं म्हणणारे रोज भेटतात. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलकट चेहराही आतून कोरडा असू शकतो आणि अशा चेहऱ्यावर बेस, म्हणजे रंगाचा सगळ्यात खालचा थर, दोन तासांत ठिगळाठिगळांनी सुटतो. त्यांनी हलकं जेल लावावं, पण लावावं.

सनस्क्रीनची गंमत अशी की बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा, आकडा सगळे वाचतात, किती लावायचं ते कोणी वाचत नाही. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे) किरण अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. फरक एवढासाच. पण हे आकडे काढतात ते दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन पट्टे ओढा, तितकं. आपण बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ‘माझ्या फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे’ हे मला सांगू नका; दोन बोटं भरून फाउंडेशन लावलंत तर तुम्हाला घरचे ओळखणार नाहीत.

आता ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात ती सीरमं. नियासिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, बहुतेकांना मानवतं, २ ते ५ टक्के पुरतं. पुटकुळ्या आणि काळे ठिपके असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात उतरतं. २ टक्क्यांच्या वर घरी जायची गरज नाही. रेटिनॉल रात्रीच, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, आणि गरोदरपणात अजिबात नाही. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा आणि तिला निदान चार आठवडे द्या, कारण वरच्या थराच्या पेशी तळापासून वर येऊन झडायला साधारण तेवढाच काळ लागतो, वय वाढलं की जास्तच. तीन बाटल्या एकाच दिवशी सुरू केल्यात आणि चेहरा उठला तर दोष कुणाचा ते कसं ठरवणार?

चेहऱ्यावर न दुखणारे, एकसारखे बारीक उंचवटे महिनोन्‌महिने राहिले तर लावायच्या वस्तूंकडेही संशयाने बघा. क्लिगमन आणि मिल्स या दोन संशोधकांनी १९७२ मध्ये याला ‘अ‍ॅक्ने कॉस्मेटिका’ असं नाव दिलं, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांमुळे येणारी मुरमं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, हा डबीवरचा शब्द मी वाचते, पण त्याच्या मागे कायद्याने ठरवलेली कुठली चाचणी नसते हेही लक्षात ठेवते.

रंगवण्याच्या आधीचा आठवडा

मोठं काम ठरलं की मी समोरच्याला एकच यादी पाठवते आणि ती सगळी नकाराची असते. नवीन क्रीम नको. फेशियल नको. स्क्रब नको. अ‍ॅसिड आणि रेटिनॉल चार-पाच दिवस बंद. चेहऱ्यावरचे केस काढायचे असतील तर निदान दोन दिवस आधी, आदल्या रात्री नाही. ओठांवरचे केस नुकतेच काढलेल्या जागी लाल रंग लावला की काय होतं हे मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही.

आणि पॅच टेस्ट. जे रंग, जो डिंक, जो स्प्रे वापरणार तो प्रत्येक कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत लावायचा, पेनाने शेजारी नंबर टाकायचा आणि ४८ तास वाट बघायची. ॲलर्जीची प्रतिक्रिया बरेचदा दुसऱ्या दिवशी उठते, म्हणून ‘लावून पाच मिनिटं पाहिलं, काही झालं नाही’ याला काही अर्थ नाही. लॅटेक्स (खोटी कातडी करायचं पातळ रबर) आणि चिकटवायच्या डिंकाबाबतीत मी यात सूट देत नाही, माणूस कितीही घाईत असो.

कामाच्या दिवशी खुर्चीत बसवल्यावर आधी प्रश्न. लेन्स घातल्यात का? दमा आहे का? (असेल तर पावडर उडवायची नाही, पफने दाबायची.) ओठावर फोड आलाय का? फोड, उघडी जखम, डोळे आलेले असतील तर मी काम करत नाही. लोक नाराज होतात. होऊ देत.

मग तोंड धुवायचं, पातळसं मॉइश्चरायझर, ओठांना बाम, आणि दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं कुणालाच आवडत नाहीत. त्या वेळात मी रंग काढते, पाणी बदलते. दहा मिनिटांनी टिश्यू चेहऱ्यावर ठेवून हलकेच दाबायचा, पुसायचा नाही. मग जबड्याजवळ बोट दोनदा फिरवून बघायचं. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघाल्या तर थर जास्त झालेत किंवा एकमेकांशी पटत नाहीयेत. अशा वेळी वर प्रायमर, म्हणजे मेकअप धरून ठेवणारं क्रीम, चोपडून भागत नाही. सगळं पुसून पहिल्यापासून.

किती तेलकटपणा ठेवायचा हे रंगावर ठरतं. पाण्याने ओले करायचे केक रंग तेलावर बसत नाहीत, थेंब थेंब होऊन गोळा होतात. त्यांना कातडी कोरडी लागते. क्रीमचे, ग्रीजपेंटचे (तेला-मेणात कालवलेले) रंग उलट थोड्या ओलाव्यावर छान सरकतात, पण पावडरने पक्के केले नाहीत तर रात्रभर लिबलिबीत राहतात. मॅक्स फॅक्टरने १९१४ मध्ये सिनेमासाठी काड्यांऐवजी पातळ क्रीमचा ग्रीजपेंट केला तो याच कटकटीतून: रंगभूमीवरचा जाड थर कॅमेऱ्याजवळ तडकायचा. मी शिकवते ते डिझाइन मात्र मुद्दाम तडकलेल्या चेहऱ्याचं आहे.

तडा गेलेली बाहुली

पहिलं क्रिएटिव्ह काम म्हणून मी सगळ्यांना हेच करायला लावते. फुलं, फुलपाखरं नंतर. तड्यात रेघ, सावली, उजेड हे तिन्ही येतात आणि रंग लागतात फक्त चार: पांढरा, गडद तपकिरी, काळा आणि तुमच्या कातडीपेक्षा थोडा फिका असा बेस.

पेन्सिल उचलण्याआधी समोरच्याला हसायला सांगा, भुवया उचलायला सांगा, आपलं नाव मोठ्याने म्हणायला सांगा. कातडी कुठे दुमडते ते बघा. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घडीवरून तडा नेलात तर पहिल्या हसण्यात तो पुसला जाईल. कानशील, कपाळाची बाजू, गालाचं हाड या शांत जागा आहेत. तडा तिथून सुरू करा.

बेस ओलसर स्पंजने थोपटून लावायचा, घासून नाही. दोन पातळ थर, मध्ये वाळू द्यायचं. पाण्याच्या रंगाचा दुसरा थर देताना हात एकदाच फिरवा, कारण पाणी लागलं की खालचा थर जागा होतो आणि ढवळून निघतो. गळ्यापर्यंत आणि कानांपर्यंत न्या. कान विसरलेला चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, आणि नवशिक्यांचं काम मी कानांवरूनच ओळखते.

आता तडा. आधी काळा नाही, तपकिरी. रंग ब्रशवर पातळ शाईसारखा हवा. ब्रशचं टोक मनगटावर टेकवून ओढून बघा, रेघ तुटली तर पाणी कमी, पसरली तर जास्त. करंगळी पावडरच्या पफवर टेकवा आणि पफ गालावर, म्हणजे हात हलत नाही आणि खालचा बेसही खराब होत नाही. श्वास सोडताना रेघ ओढा. एका ठिणगीच्या जागेपासून, समजा डाव्या कानशिलावर काही आपटलंय तिथून, तीन मुख्य रेघा बाहेर काढा. तिन्ही वेगळ्या लांबीच्या. रेघ सरळ जाते, अडखळते, दिशा बदलते, पुन्हा जाते. नागमोडी वळलेली रेघ तडा वाटत नाही, ओघळ वाटतो. उपरेघा मुख्य रेघेतून फुटतात आणि टोकाला जाताना बारीक होत संपतात. जिथे दोन तडे एकत्र येतात तिथे एक छोटा त्रिकोणी तुकडा पडलाय असं दाखवा. डोळा तिथेच जाऊन थांबतो.

सगळी जादू पुढच्या रेघेत आहे. उजेड वरून आणि बघणाऱ्याच्या डावीकडून येतोय असं ठरवा आणि काम संपेपर्यंत मत बदलू नका. तडा म्हणजे खाच. खाचेची उजेडाकडची कड आत सावली पाडते, समोरची कड उजेड झेलते. म्हणून काळा रंग तड्याच्या आत, वरच्या डाव्या कडेला. आणि पांढरी रेघ तड्याच्या बाहेर, खालच्या उजव्या कडेला चिकटून, केसाएवढी. दोन्ही बाजूंना पांढरं काढलंत तर तडा वर उचलला जातो, दोरी चिकटवल्यासारखा. पडलेल्या तुकड्याच्या खड्ड्यातही हेच: उजेडाच्या बाजूला सगळ्यात काळं, दूर जाताना तपकिरी होत जाणारं.

मधेच फोनवर कृष्णधवल फोटो काढून बघा. रंग काढून टाकले की सावली पुरेशी गडद आहे की नाही ते लगेच दिसतं. स्वतःच्या चेहऱ्यावर करत असाल तर हे तर हवंच, कारण आरशात डावं-उजवं उलटं असतं आणि अर्ध्या तासाने उजेड कुठून येतोय हेच विसरायला होतं.

शेवटी पारदर्शक पावडर पफने दाबून. फोटो फ्लॅशने निघणार असतील तर आधी एक चाचणी फोटो घ्या. सिलिकाची बारीक पावडर किंवा टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशमध्ये पांढराफटक पट्टा म्हणून उमटतं. केसांचा स्प्रे चेहऱ्यावर मारायचा नाही. ‘सगळे मारतात’ हे मला माहीत आहे. घाम आला तर टिपायचा, पुसायचा नाही.

डोळ्यांजवळ

इथे मी कडक आहे. हस्तकलेची चमकी चेहऱ्यावर लावायची नाही, डोळ्याजवळ तर नाहीच. तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळावर ओरखडा येतो. प्रसाधनासाठी केलेलीच चमकी घ्या, तीही ओल्या बेसवर ब्रशने टेकवून, डोळे मिटलेले असताना, आणि पापणीच्या कडेपासून लांब. (युरोपियन युनियनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकची सुटी चमकी विकायला बंदी आहे, कारण पर्यावरणाचं, पण त्यामुळे सेल्युलोजची चमकी सहज मिळू लागली, ती मला जास्त आवडते.)

निऑन रंगांच्या पॅलेटची मागची बाजू वाचा. अनेकांवर ‘डोळ्यांभोवती वापरू नये’ असं बारीक अक्षरात असतं, आणि पुढच्या बाजूला मॉडेलच्या पापण्यांवर नेमका तोच गुलाबी असतो. अमेरिकेत अन्न आणि औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, डोळ्यांभोवतीच्या रंगद्रव्यांना वेगळी मंजुरी देतं आणि बरेच फ्लुरोसंट रंग त्यात बसत नाहीत. शिवाय लाल-गुलाबी रंगद्रव्यं कातडीत डाग सोडतात.

मस्कारा तीन महिन्यांनी फेकायचा. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काम करताना मस्काऱ्याची कांडी एकदाच वापरायची, क्रीम पॅलेटवर काढून घ्यायचं, डबीत बोट घालायचं नाही. पेन्सिल प्रत्येकासाठी नव्याने तासायची. ब्रश धुऊन आडवे वाळवायचे. उभे ठेवलेत तर पाणी मुठीत उतरतं आणि केस गळू लागतात.

उतरवणं

रंगवायला दोन तास लागले असतील तर उतरवायला वीस मिनिटं राखून ठेवा. थकलेले असता, भूक लागलेली असते, आणि हीच वेळ चेहऱ्याची वाट लावायची असते.

काही चिकटवलं असेल तर आधी ते. त्या डिंकाचं स्वतःचं रिमूव्हर असतं. ब्रशने कडेखाली सोडत जा आणि तुकडा आपोआप सुटेल तिथपर्यंत थांबा. ओढायचं नाही. नंतर कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम, मिनिटभर गोल गोल, विनाजोर. सगळा चेहरा राखाडी चिखल होईल, तेच हवंय. मग हात ओले करून पुन्हा फिरवा, तेल दुधाळ होतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. हा टप्पा गाळला की तेलाचा थर तसाच राहतो आणि लोक म्हणतात तेलाने पुळ्या आल्या. त्यानंतर रोजचं सौम्य क्लेन्झर, कोमट पाणी. डोळ्यांवर रिमूव्हरचा कापूस वीस-तीस सेकंद नुसता धरून ठेवायचा, मग खाली ओढायचा. मेकअप वाइप्स मी हात पुसायला वापरते.

लाल किंवा निळ्या रंगाची हलकी झाक राहिली तर राहू द्या. ती एक-दोन दिवसांत जाते, घासून आलेली लाली मात्र लांबते. वर साधं मॉइश्चरायझर, नेहमीपेक्षा थोडं जास्त. त्या रात्री आणि पुढच्या रात्री कसलंही सीरम नाही.

परवा बाहुली केलेल्या मुलीचा सकाळचा फोटो आला. गाल छान, डोळे छान. डाव्या भुवईच्या केसांत मात्र तपकिरी रंगाचा एक बारीक दोरा अडकून राहिलेला. तिला लिहिलं: कापसाची काडी तेलात बुडव, भुवईच्या केसांच्या दिशेने फिरव, मग उलट दिशेने, आणि पुन्हा धू. नखाने काढू नकोस.